गाडी डावीकडे कलते आहे

३ जानेवारी, क्वार्ट्झसाइट, अ‍ॅरिझोना

नवं वर्ष, नवी वही. संकल्प तीनच. रोज चालणे. डोनट बंद. आणि आम्हा दोघांच्या औषधपाण्याचा कारभार यापुढे माझ्याकडे. मी आयुष्यभर हार्डवेअरचं दुकान चालवलं, कुठला खिळा कुठल्या खणात हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचो. गोळ्या म्हणजे काय, खिळ्यांपेक्षा लहानच.

मार्लिसला तसं सांगितलं. ती म्हणाली, बरं. आमच्या लग्नात तिच्या ‘बरं’ने मोठी कामगिरी बजावली आहे. त्यात कौतुक असतं, फक्त ते ऐकू येत नाही.

घर विकून या घरगाडीत कायमचं राहायला लागल्याला तिसरं वर्ष. लोक विचारतात, वेंडेल, आजारी पडलात तर? मी म्हणतो, आजारी पडायला माणसाने एका जागी तरी राहावं लागतं.

५ जानेवारी

चाललो नाही. वारा होता.

प्रेशरच्या गोळ्यांचं पार्सल अजून आलेलं नाही. आमचा कायमचा पत्ता साउथ डकोटाचा, म्हणजे तिथल्या एका दुकानातला टपालाचा खण. तिथे एक रात्र कॅम्पात काढली, पावती दाखवली आणि त्या राज्याचे रहिवासी झालो. राज्याचा आयकर नाही, कटकट नाही. विम्याची औषधं त्या खणात जातात आणि तिथली बाई ती आम्ही असू तिथे पाठवते. व्यवस्थेत म्हटलं तर एकच खोट आहे. पार्सल पोचतं तेव्हा आम्ही तिथे नसतो. सध्या ते टेक्सासमधल्या एका कॅम्पात आहे, जिथून आम्ही नाताळाआधीच निघालो.

शेजारच्या गाडीतला क्लेटन म्हणाला, मग जा की मागे आणि घेऊन ये. क्लेटन मिसूरीचा, जन्मभर टायर विकले. मी त्याला सांगितलं की वेंडेल स्ट्रूप एकाच रस्त्याने दोनदा जात नाही. तो म्हणाला, मग गोळ्याच तुझ्या मागे लागू देत. टायरवाल्याची विनोदबुद्धी.

८ जानेवारी

गोळ्या संपल्या त्याला बरेच दिवस झाले. प्रकृती ठणठणीत. सुपरमार्केटात प्रेशर मोजायचं फुकटचं मशीन असतं, त्यात हात घातला. आकडा इतका वर गेला की मागे उभी असलेली बाई म्हणाली, अगंबाई. मी पट्टा नीट पाहिला. एका बाजूची शिवण उसवली होती. असल्या मशीनवर विश्वास ठेवणाऱ्यांची कीव येते.

मार्लिसने विचारलं, किती आलं? मी म्हणालो, मशीन बंद आहे. ती खोटं बोलण्याची वेळ नव्हती, पण करार आठवला. घर विकलं त्या दिवशी मीच तो केला होता: मी गाडी चालवायला समर्थ आहे तोवर भटकायचं. ज्या दिवशी डॉक्टर नाही म्हणेल त्या दिवशी गाडी आयोवात आर्डिथच्या अंगणात, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी, कायमची उभी करायची. आर्डिथ म्हणजे मार्लिसची बहीण. तिने आमच्यासाठी तिथे विजेचा खांबसुद्धा बसवून ठेवला आहे. त्या बाईचा चांगुलपणा मला सोसत नाही.

मार्लिस म्हणाली, थकला असशील तर अधूनमधून मी चालवीन. तिने आयोवात वर्षानुवर्षं शाळेची बस चालवली, बर्फातही. मी तिला समजावलं की बस वेगळी आणि घरगाडी वेगळी. बसला मागे संडास आणि स्वयंपाकघर नसतं. गाडीचा तोल कळायला लागतो, तो उपजतच असावा लागतो. बरं, म्हणाली.

११ जानेवारी

आज व्हिडिओवर डॉक्टर. साउथ डकोटाच्या हॅल्व्होर्सनबाई, कागदोपत्री आमच्या फॅमिली डॉक्टर. प्रत्यक्ष कधी भेटलो नाही, त्यामुळे संबंध चांगले आहेत. त्यांचा नियम असा की बोलताना पेशंट साउथ डकोटातच हवा, नाहीतर त्यांना तपासता येत नाही. कसला हा नियम. राज्य बदललं म्हणून माझं रक्त बदलतं की काय?

तेव्हा थोडी तयारी केली. मागच्या खिडकीवर दुकानाच्या जुन्या कॅलेंडरचं डिसेंबरचं पान चिकटवलं. बर्फ, देवदार, लाल कोठार. गळ्यात मफलर. बाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, आत्ता कुठल्या राज्यात आहात? मी म्हणालो, घरीच. त्या म्हणाल्या, बर्फ बराच पडलेला दिसतोय. मी म्हणालो, विचारू नका, फावडं मारून कंबरडं मोडलं. इथवर उत्तम चाललं होतं.

मग उन्हाने चिकटपट्टी सुटली. पान खाली आलं. मागे दोन्ही हात वर केलेलं भलंमोठं निवडुंग, आणि निवडुंगापुढे अर्ध्या चड्डीत क्लेटन, हातात बर्फ घातलेला चहा. त्याने कॅमेऱ्याकडे बघून हात केला. बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, मिस्टर स्ट्रूप, मला तुम्हाला तपासता येणार नाही. तिथल्याच एखाद्या डॉक्टरकडे जा, आणि जाताना घरातली सगळी औषधं पिशवीत घालून न्या. सगळी.

मार्लिस पलंगावर उशीत तोंड खुपसून गदगदत होती. तिला रडू आलं असावं.

१३ जानेवारी

अ‍ॅरिझोनाचा डॉक्टर. इतका तरुण की मी आधी त्यालाच विचारलं, डॉक्टर कुठे आहेत. पिवळी गोळी दिली, रोज एक. आणखी काय घेता, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, काही नाही. त्या दिवशी ते अगदी खरं होतं.

डोनट एकच. क्लिनिकात फुकट ठेवले होते, नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

१९ जानेवारी

क्लेटनबरोबर मेक्सिकोत. गाडी अलीकडे लावायची आणि पायी सीमा ओलांडायची. पलीकडच्या गावात जिकडे पाहावं तिकडे आपलीच पांढरी डोकी. दात स्वस्तात साफ करून घेतले, चष्मा केला, टाको खाल्ले. क्लेटनने एका औषधाच्या दुकानात नेलं. तो म्हणाला, मी इथून गुलाबी डबी नेतो, हृदयाला फार चांगली. दुकानदाराने मला स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं, मी सौजन्याने ‘सी’, म्हणजे हो, म्हणालो. त्याने गुलाबी डबीच काढली. दोन घेतल्या. हृदय एकच आहे, पण साठा असावा.

२४ जानेवारी

पार्सल आलं! टेक्सासहून साउथ डकोटाला परत जाऊन, तिथून इथे. माझ्यापेक्षा जास्त फिरलं. आत ओळखीच्या पांढऱ्या गोळ्या, तीन महिने पुरतील इतक्या.

सात खणांचा डबा आणून सगळं लावून टाकलं. सकाळी पांढरी, दुपारी पिवळी, रात्री गुलाबी. बाटल्यांवर लांबलचक नावं आहेत. तिन्हींची सुरुवात जवळजवळ सारखीच. औषधांना नावं ठेवणारा माणूस एकच असावा, आणि आळशी असावा.

मार्लिसने डबा हातात घेऊन पाहिला. म्हणाली, वेंडेल, हे तिन्ही एकदा कोणाला दाखव ना. मी म्हणालो, दाखवलंय की, प्रत्येकी एकाला.

२९ जानेवारी

सुपरमार्केटातलं मशीन दुरुस्त झालेलं दिसतं. आकडा एखाद्या विशीतल्या पोराचा असावा तसा. पट्ट्याची शिवण तशीच उसवलेली आहे, पण यंत्र आतून चांगलं असलं की झालं. मुद्दाम मागच्या बाईला दाखवला.

माझी पद्धत यशस्वी. क्लेटनला सांगितली. त्याने तोंडाचा चंबू केला.

२ फेब्रुवारी

सकाळी अंथरुणातून उठलो तो भिंतीला धरावं लागलं. बाहेर जाऊन पाहिलं. वाटलंच. गाडी डावीकडे कललेली आहे. वाळूची जमीन, डावी चाकं रुतली असणार.

घरगाडी सपाट उभी करणं हे शास्त्र आहे. ती कललेली असेल तर फ्रीज बिघडतो, दारं आपोआप उघडतात, माणसाला झोप लागत नाही. डाव्या चाकांखाली प्लास्टिकचे ठोकळे सरकवून गाडी वर घेतली. मार्लिस म्हणाली, काल तर सपाट होती. मी म्हणालो, तोल उपजत असावा लागतो.

६ फेब्रुवारी

अजून कलते आहे. आणखी ठोकळे.

गवंड्याकडे असते तशी पाणसळ माझ्याकडे आहे, दुकानातली, उत्तम. बुडबुडा मधोमध आला की सपाट. आज ठेवून पाहिली तर बुडबुडा पार एका टोकाला. म्हणजे पाणसळ बिघडली. इतकी वर्षं सोबत केली बिचारीने.

न्याहारीला मार्लिसने अंडं फोडलं. ते तव्यावरून उजवीकडे सरकत कडेला जाऊन बसलं. ती म्हणाली, वेंडेल, बघ हे. मी म्हणालो, तेल जास्त झालंय.

१० फेब्रुवारी

नवी पाणसळ आणली. तीही बिघडलेली निघाली. हल्ली वस्तूच टिकत नाहीत.

क्लेटनने येऊन गाडीभोवती एक चक्कर मारली. ठोकळ्यांचा ढीग पाहून शीळ घातली. म्हणाला, अरे बाबा, तुझी गाडी कूस बदलून झोपायला निघालीय. थांबव आता हे. त्याला सांगितलं, तू टायर बघ. तो म्हणाला, टायरच बघतोय, डावे दोन हवेत आहेत.

चाललो नाही. उभं राहिलं की जमीन हलते. हा भाग भूकंपाचा आहे का ते विचारलं पाहिजे.

१४ फेब्रुवारी

व्हॅलेंटाइन. मार्लिसला चॉकलेटं दिली. एक टेबलावरून घरंगळत उजवीकडे गेलं आणि दारातून बाहेर पडलं. रात्री तिने पलंगाची कड धरून झोप काढली. प्रेमात तडजोड असतेच.

डोनटऐवजी चॉकलेट खाल्लं. संकल्प अबाधित.

२० फेब्रुवारी, डेमिंग, न्यू मेक्सिको

मुक्काम हलवला. ती वाळूच वाईट होती. डेमिंगजवळच्या या घरगाड्यांच्या कॅम्पात जमीन सिमेंटची आहे. इथेही गाडी कलते, म्हणजे सिमेंटही कललेलं. काय हे कंत्राटदार.

रस्ते तर सगळे डावीकडे उतरते केलेत. पेंगणाऱ्या ड्रायव्हरला जागं करायला कडेला खडखडा पट्टा असतो, त्यावर दोनदा गाडी गेली, मार्लिस किंचाळली. मी म्हणालो, मुद्दाम नेली, टायर तपासायला. तिसऱ्यांदा गेली तेव्हा ती किंचाळली नाही, तिने माझ्या मांडीवर हात ठेवला आणि तसाच ठेवला. पुढच्या विसाव्याच्या जागेला थांबून मी जरा डोळे मिटले. उघडले तेव्हा ती माझ्याकडेच बघत बसली होती. विचारलं, काय झालं? म्हणाली, काही नाही, घोरतोयस का ते बघत होते.

मी घोरत नाही.

२५ फेब्रुवारी

घोटे सुजलेत. मोजे काढले की पायावर त्यांचं नक्षीकाम राहतं. गाडी चालवणाऱ्यांना हे व्हायचंच, सैनिकांना व्रण असतात तसं.

मार्लिसने डॉक्टरकडे नेलंच. न्यू मेक्सिकोचे ट्रुहियो, भला माणूस. विचारलं, औषधं कुठली घेता? मी फक्त पांढरी सांगितली. अ‍ॅरिझोनाची पिवळी ही अ‍ॅरिझोनाची अंतर्गत बाब आहे, आणि गुलाबी तर परराष्ट्राची. एका राज्याच्या डॉक्टरला दुसऱ्या राज्याच्या गोळीबद्दल सांगणं शिष्टाचाराला धरून नाही. मार्लिस बोलायला तोंड उघडणार तोच मी त्यांच्या भिंतीवरच्या माशाची चौकशी केली. मासेमारीवर फार छान गप्पा झाल्या.

सूज उतरायला पाण्याची गोळी दिली. हिरवी. डब्यात आता चार रंग. दिसायला सुरेख.

१ मार्च

पाण्याची गोळी काम करते. संडासाची टाकी भरत आली.

४ मार्च

दुपारी उठून उभा राहिलो आणि सगळं काळं झालं. क्षणभरच. वीज गेली असणार. मार्लिस म्हणाली, वीज आहे.

मार्लिसने टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला आणि त्याकडे बोट दाखवलं. पाणी एका बाजूला ग्लासच्या काठाशी, दुसऱ्या बाजूला बरंच खाली. उलट्याच दिशेला. इथल्या पाण्यात क्षार फार आहेत.

तिचे डोळे ओले होते. ती म्हणाली, वेंडेल, मला विधवा होऊन ही गाडी चालवायची नाही. मी हसून म्हणालो, तुला चालवायला देतोय कोण.

नंतर बराच वेळ बाहेर खुर्चीवर बसलो. माझा विनोद तिला आवडला नाही असं दिसतं.

५ मार्च

मार्लिसला माझ्या पद्धतीचं महत्त्व शेवटी पटलं! कॅम्पाच्या हॉलमध्ये शनिवारी सगळे आपापला पदार्थ घेऊन जेवायला जमतात, जेवणाआधी कोणीतरी भाषण देतं. मागच्या वेळी सोलर पॅनल झाले. मार्लिसने जाऊन माझं नाव दिलं. विषय: रस्त्यावरचं आरोग्य, एक पद्धत. मी म्हणालो, अगं, कशाला. मग तासभर मुद्दे काढले.

ती म्हणाली, नुसतं बोलू नकोस, वस्तू दाखव. सगळ्या बाटल्या घेऊन जा, लेबलं पुढे करून ओळीने मांड. लोकांना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही. मी म्हणालो, अगदी बरोबर, दुकानातही मी काउंटरवर मांडूनच विकायचो. बरं, म्हणाली. या खेपेला मात्र त्यातलं कौतुक मला स्पष्ट ऐकू आलं.

७ मार्च

आरशासमोर सराव. आरसा कललेला आहे.

मार्लिस आजकाल फार माणसांत मिसळते. आज बर्निस नावाच्या एका बाईबरोबर बराच वेळ कुजबुजत होती. बर्निस ओक्लाहोमाची, हृदयाच्या वॉर्डात नर्स होती, आता निवृत्त. ती पहिल्या रांगेत बसणार आहे म्हणे. श्रोत्यांत जाणकार असलेला मला आवडतो.

८ मार्च, सकाळ

आज भाषण. इस्त्रीचा शर्ट. तिन्ही बाटल्या, गुलाबी डब्या आणि गोळ्यांचा डबा पिशवीत. ट्रुहियोंनी सांगितलेली हिरवी आज दोन घेतली, पाय सुंदर दिसावेत म्हणून.

९ मार्च, इस्पितळ

हे पडून लिहितो आहे. पलंग सपाट आहे. इथे म्हणे कधी ठोकळे लागत नाहीत.

काल काय झालं ते जसं आठवतं तसं. सुरुवात झकास. मी म्हणालो, मित्रहो, मला कधी आजारी पडायला वेळ मिळाला नाही. लोक हसले. मग बाटल्या टेबलावर मांडल्या, लेबलं पुढे. पांढरी, पिवळी, गुलाबी, बाजूला हिरवी. म्हणालो, तीन राज्यं, तीन डॉक्टर, म्हणजे तिप्पट काळजी. बर्निस पहिल्या रांगेतून उठून टेबलाशी आली आणि चष्मा लावून वाचायला लागली. मी पुढे बोलतच होतो, पाणसळीचा मुद्दा चालू होता. ती म्हणाली, वेंडेल, हे तिन्ही एकच औषध आहे. मी म्हणालो, प्रश्न शेवटी घेऊ. ती म्हणाली, अरे बाबा, एकच औषध, कंपन्या तीन. पिवळीत तर त्याच्यासोबत आणखी एक आहे. आणि त्या औषधाने घोटे सुजतात, म्हणून हिरवी दिलीय तुला. तू उभा कसा आहेस?

तो प्रश्न रास्त होता. हॉल डावीकडे कलला. मी तोल सावरायला डावीकडे हात टाकला, तिथे गोड पदार्थांचं टेबल होतं. क्लेटनच्या बायकोने केलेला लिंबाचा केक, जेलीचं सॅलड आणि मी एकदम जमिनीवर. ते दोघेही आदल्या दिवशीच डेमिंगच्या कॅम्पात येऊन पोचले होते, योगायोगाने. हॉलमधल्या निम्म्या बायका निवृत्त नर्सा निघाल्या. इतक्या जणींनी माझी नाडी एकदम धरली की हात अपुरे पडले. क्लेटन माझ्या चेहऱ्यावरून केक पुसत म्हणाला, हा मात्र वाया घालवलास.

मला फक्त मार्लिसचा आवाज ऐकू येत होता. ती माझं नाव घेत होती, हळू, पुन्हा पुन्हा, शाळेच्या बसमध्ये एखादं पोर हरवल्यासारखं.

१० मार्च, इस्पितळ

पिवळी, गुलाबी, हिरवी बंद. पांढरी सुरू. इथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, आणखी चार दिवस गेले असते तर तुम्ही गाडी चालवता चालवताच गेला असता, आणि बरोबर ह्याही. मार्लिसकडे बघून म्हणाल्या.

आणि तेच वाक्य. तुमच्या फॅमिली डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासून लिहून देईपर्यंत गाडी चालवायची नाही.

भीती वाटली. कोणाला सांगणार नाही म्हणून इथे लिहितो. मरणाची नाही, तेवढा वेळ मिळाला नाही. आर्डिथच्या अंगणाची. ते खुराडं, तो विजेचा खांब, आणि सकाळी उठून रोज तीच कोंबडी बघायची. आणि त्याहून वाईट हे की मार्लिस त्या गाडीत होती. तिसऱ्यांदा पट्ट्यावर गेलो तेव्हा तिने मांडीवर हात ठेवला होता. तो मी टायरसाठी समजलो.

तिला म्हणालो, करार म्हणजे करार. आयोवाला चल. ती म्हणाली, बरं.

१४ मार्च

मार्लिस चालकाच्या सीटवर बसली. सीट पुढे घेतली. आरसे हलवले. माझे आरसे. मी समजावायला लागलो की गाडीचं शेपूट वळणावर बाहेर फेकलं जातं, ब्रेक लांबून लावायचा. ती म्हणाली, पट्टा बांधून बस आणि चालत्या गाडीत ड्रायव्हरशी बोलायचं नाही. बसमध्ये हे पोरांना सांगत असणार. मी पट्टा बांधला. मांडीवर गोळ्यांचा डबा. एकच रंग.

क्लेटन हात करायला बाहेर आला होता. तिने गाडी अशी अलगद वळवून काढली की तो हात करायचा विसरला.

१६ मार्च, कोलोरॅडो

एकदाही खडखड्या पट्ट्यावर गेली नाही. टायर तपासायचे राहूनच गेले.

डेन्व्हर सोडलं की उजवीकडे फाटा लागतो, तो नेब्रास्कावरून थेट आयोवाला. पाटी दिसली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. पुष्कळ वेळाने उघडले. पाटी मागे गेली होती आणि आम्ही सरळच चाललो होतो. उत्तरेला.

मी म्हणालो, वळण चुकलं. ती म्हणाली, चुकलं नाही, सोडलं. साउथ डकोटाला जातोय, तुझ्या हॅल्व्होर्सनबाईंकडे. मी म्हणालो, मग आर्डिथ? ती म्हणाली, कोण राहतंय कोंबड्यांशेजारी? मला माझी बहीण आवडते, पण नाताळपुरती. मी म्हणालो, पण करार! ती आरशात बघत म्हणाली, करार तू केलास, वेंडेल. मी नुसतं बरं म्हटलं. मला थांबायचं कधीच नव्हतं. मला चालवायचं होतं.

बाहेर डोंगर होते. तीन वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिले, एरवी माझं लक्ष रस्त्यावर असायचं. छान आहेत.

१९ मार्च, साउथ डकोटा

कॅम्पात मागे घेऊन जागेवर लावायची गाडी. मी खाली उतरून मागे उभा राहिलो, दोन्ही हातांनी खुणा करायला. खुणा सुरू करायच्या आतच गाडी जागेवर होती. एका दमात.

ती आत कॉफी करत असताना हळूच पाणसळ काढली. जुनी. बुडबुडा मधोमध. नवी ठेवली. मधोमध. दोघी दुरुस्त झालेल्या दिसतात.

डोनट खाल्ला. मार्लिसने दिला. म्हणाली, अर्धा.

२१ मार्च

आज दवाखान्यात जायचं होतं, पण रात्रीपासून बर्फ. रस्ते बंद. दवाखान्याने सांगितलं, व्हिडिओवर बोला, तुम्ही राज्यात आहात तर हरकत नाही.

मी हक्काने बसलो. आज पत्ता, माणूस आणि हवामान तिन्ही एका जागी होते, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. खिडकीबाहेर बर्फ, पांढऱ्या टोप्या घातलेले देवदार, समोर शेतकऱ्याचं लाल कोठारसुद्धा. गळ्यात मफलर, कारण खरंच थंडी होती.

हॅल्व्होर्सनबाई दिसल्या. त्यांनी विचारलं, मिस्टर स्ट्रूप, आत्ता कुठल्या राज्यात आहात? मी छाती काढून म्हणालो, साउथ डकोटात. आणि फोन फिरवून खिडकी दाखवली.

बाई स्क्रीनच्या आणखी जवळ सरकल्या. मग म्हणाल्या, कोपऱ्याची चिकटपट्टी या खेपेला दिसत नाही, छान लावलंय. मी म्हणालो, अहो, खरं आहे. काचेवर बोटाने टिचक्या मारून दाखवल्या. खिडकी उघडली, मूठभर बर्फ आत घेऊन कॅमेऱ्यापुढे धरला. तो वितळून बाहीत गेला. बाई म्हणाल्या, मिसेस स्ट्रूप आहेत का जवळ? जरा त्यांच्याकडे द्या.

फोन मार्लिसकडे दिला. ती म्हणाली, हो डॉक्टर, खरा आहे. मग मला काय झालं होतं, मी काय खातो, काय घेतो, कधी झोपतो हे सगळं तीच सांगत बसली. मी ओली बाही पिळत ऐकत होतो. एकाही ठिकाणी चूक काढता आली नाही.